सव्वीस सेकंदांचा तक्ता

त्या दिवशी दुपारी दोन वाजता शेठनी आप्पांना घरी जायला सांगितलं. आप्पांनी हात धुतले, डबा घेतला, चपला घातल्या आणि ते कारखान्यातून बाहेर पडले. मी ऑफिसात टेबलापाशी बसलो होतो. मी उठलो नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन आता चार महिने होतील. मागे आवरायला फारसं काही नव्हतं. दोन सदरे, चष्मा, वंदनेची पुस्तिका आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत मला एक पुठ्ठा सापडला. तो सापडल्यापासून मी रोज थोडं थोडं लिहितो आहे. पुठ्ठ्यापर्यंत यायला वेळ लागेल, कारण त्याआधी जे सांगायला हवं ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, लूमच्या शेडना खेटून, प्लास्टिकचा एक कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड, हाताने चालवायची तीन मोल्डिंग मशीनं आणि फळ्या ठोकून वेगळं केलेलं ऑफिस. तिथे कांड्या बनत. लूमच्या धोट्यात बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत ज्या नळीवर गुंडाळलेलं असतं, ती कांडी. पूर्वी ती लाकडाची असे. आमच्या शेठनी प्लास्टिकची करायला घेतली होती. गावात एवढे लूम होते की कितीही कांड्या केल्या तरी खपल्या असत्या. फक्त त्या चांगल्या व्हायला हव्या होत्या, आणि बरेच दिवस त्या चांगल्या होत नव्हत्या.

काय बिघडत होतं ते सांगतो. पोलादी साचा दोन फाळक्यांचा. त्याला सगळे डाय म्हणत. मधोमध एक सळई. वितळलेलं प्लास्टिक एका बाजूने आत शिरतं, सळईला दोन्हीकडून वळसा घालतं आणि पलीकडे स्वतःलाच येऊन भेटतं. डाय गार असेल तर तिथे पोचेपर्यंत त्याच्या तोंडावर साय धरलेली असते. मग दोन्ही तोंडं नुसती चिकटतात, एकजीव होत नाहीत. कांडीवर केसासारखी उभी रेघ राहते. तिला सांधा म्हणत. त्या सांध्यात सूत अडकतं. आणि कांडी भरायच्या मशीनच्या चातीवर ती रोज ठोकून बसवली की एखाद्या दिवशी त्याच रेघेवर फाटते.

डाय तापवली की सांधा जातो, एवढं सगळ्यांना कळत होतं. शेठनी ती शेगडीवर ठेवून पाहिली. सबंध डाय तापली, आणि मग निवेना. आतली कांडी मऊच राहायची, काढताना केळ्यासारखी वाकायची. उकळत्या पाण्यात बुडवून पाहिली. कोपऱ्यात पाण्याचा थेंब राहिला की कांडीला फोड यायचे. लोखंडाची पट्टी लाल करून दोन फाळक्यांमध्ये धरून पाहिली. तिने डायचं पॉलिश ओरबाडून काढलं. मी तेव्हा कल्याणला कॉलेजात होतो. जेवताना आप्पा हे सगळं आईला सांगायचे आणि मी पुस्तकात डोकं घालून ऐकत नसल्यासारखा ऐकायचो.

शेवटी उपाय आप्पांनीच काढला. नळाचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी रॉकेलची ब्लो लॅम्प मागून आणली. डाय उघडायची, पंप मारून ज्योत निळी करायची, आणि दोन्ही फाळक्यांच्या तोंडावरून ती रंगाच्या ब्रशासारखी फिरवायची. मग फटकन डाय झाकायची, आवळायची आणि दांडा ओढून प्लास्टिक आत ढकलायचं. वरचं कातडं तेवढं तापायचं. पोटातलं पोलाद गारच असायचं. त्यामुळे प्लास्टिक ऊन पृष्ठभागावरून वाहत जाऊन नीट एकजीव व्हायचं, आणि मग आतलं गार पोलाद ती ऊब ओढून घ्यायचं. कांडी सरळ निघायची. चकाकायची. सांधा शोधावा लागायचा.

"तू भाकर शेवटाला आरावर उभी करतेस ना," आप्पा आईला म्हणाले होते, "तसंच हाय. वरून ताव लागला पायजे, पोटात धग जायाला नको."

"मंग भाकर मी करते आन् पगार तुमाला," आई म्हणाली.

आई शेजारच्या शेडमध्ये कांड्या भरायला जायची. तिचा अंगठा कांडीवरून फिरला की तिला सांधा लागायचा, आम्हाला दिसत नसला तरी. आप्पा सुरुवातीला रोज एक कांडी सदऱ्याच्या खिशातून घरी आणायचे आणि तिच्या हातात द्यायचे. ती अंगठा फिरवून "लागतो" किंवा "न्हाय लागत" म्हणायची. जिथे "न्हाय लागत" आलं, तिथे आप्पांनी तापवायची वेळ ठरवली.

ती वेळ ते कशी मोजत, यावरच सगळं पुढे घडलं.

आप्पा अंबाडीच्या बाजूच्या खेड्यातले. शाळा दोन-तीन इयत्तांपुढे गेली नाही. आमच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला तेव्हा ते तरुण होते. त्या वेळी शिकलेलं त्रिशरण ही त्यांनी स्वतःहून पाठ केलेली पहिली गोष्ट. सकाळी घरात ते म्हणत, आणि कारखान्यात ज्योत फिरवतानाही म्हणत. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तिसरं संपलं की ज्योत बाजूला. आवाज नसायचा, फक्त ओठ हलायचे. एकदा मी विचारलं, घड्याळ का लावत नाही? म्हणाले, "घड्याळ बघाया डोला उचलावा लागतो. ज्योत पिवली झाली का डायवर काजली बसते. डोला ज्योतीवर पायजे. तोंड तर मोकलंच हाय."

दुसऱ्या मशीनवर उत्तर प्रदेशातून आलेला एक मुसलमान कारागीर होता. आप्पांपेक्षा वयाने लहान, त्यांना चाचा म्हणायचा. तो गमतीने ओरडायचा, "चाचा, पढ़ाई हो गई क्या? इधर दाना जल रहा है!" आप्पा हात उचलून थांब म्हणायचे, तिसरं पूर्ण करायचे, डाय झाकायचे आणि मग सांगायचे, "आधा छोड़ेगा तो कांडी भी आधी निकलेगी." पुढे तोही ब्लो लॅम्प फिरवू लागला. त्याचं तो काय म्हणायचा ते त्यालाच ठाऊक. वेळ बरोबर यायची.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा आप्पांनी मला मनगटी घड्याळ आणलं. सेकंदकाटा असलेलं. नोकरी लवकर मिळेना, म्हणून त्यांनी शेठकडे शब्द टाकला आणि शेठनी मला ऑफिसात घेतलं. पत्रं, चलनं, प्लास्टिकच्या दाण्याच्या गोणींचा हिशेब, आणि टेक्निकल म्हणजे काय ते शेठनाही नीट माहीत नव्हतं, पण ते माझ्याकडे. मी शेडमधून जाताना आप्पा माझ्यासाठी बाजूला व्हायचे आणि त्या कारागिराला म्हणायचे, "हट, साब आया." त्यांना त्याचा आनंद होता. मला अवघडल्यासारखं व्हायचं.

खरं सांगायचं तर मला त्यांच्या हलणाऱ्या ओठांचीच लाज वाटायची. कॉलेजात कोणी नाव विचारलं की मी फक्त पहिलं नाव सांगायचो. पुढचं विचारलं तर दुसरा विषय काढायचो. कारखान्यात ते जमणार नव्हतं, शेठना आमचं सगळं माहीत होतं आणि त्यांनी त्यावरून कधी वावगा शब्द काढल्याचं मला आठवत नाही. म्हणजे लपवायला तिथे काही नव्हतंच. तरी बाहेरचं कोणी शेडमध्ये आलं की माझं लक्ष आप्पांच्या ओठांकडे जायचं.

दिवाळी झाल्यावर मिलच्या सामानाचा एक मोठा व्यापारी कांड्या बघायला आला. त्याचा माल मालेगावला, इचलकरंजीला जायचा. त्याची ऑर्डर मिळाली तर तिन्ही मशीनं सबंध दिवस चालणार होती. शेठ त्याला घेऊन थेट आप्पांच्या मशीनपाशी आले. आप्पा ज्योत फिरवत होते, ओठ हलत होते. मीही मागे होतो. व्यापाऱ्याने कांडी उजेडात फिरवून पाहिली, चातीवर ठोकावी तशी टेबलावर ठोकली आणि खूश झाला.

"काका, किती वेळ तापवता हे?" त्याने विचारलं.

आप्पा म्हणाले, "तीन येला म्हनतो..."

"आकडे म्हणतात ते," मी मधेच बोललो. "मनाशी आकडे मोजतात."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काही तरी पडलं म्हणून वळून बघावं, तसं. मग ते ब्लो लॅम्पच्या पंपाकडे वळले.

"आकडे मोजून कसं चालेल?" व्यापारी शेठना म्हणाला. "उद्या हे काका आजारी पडले तर? घड्याळ लावा, तक्ता करा. माल सगळा सारखा पाहिजे मला."

"आमचा बी.एस्सी. आहे ना," शेठ म्हणाले. "कर रे आत्ताच. घड्याळ आहे की हाताला."

मी आप्पांच्या जवळ गेलो. व्यापारी चार पावलांवर उभा होता. मी वाकून, डाय बघतो आहे असं दाखवत हळूच म्हणालो, "आप्पा, ओठ हलवू नका. मनातल्या मनात म्हणा."

त्यांनी मान हलवली. ज्योत निळी केली आणि फिरवायला लागले. मी सेकंदकाट्याकडे बघत होतो, मधेच त्यांच्या तोंडाकडे. ओठ घट्ट मिटलेले होते. ज्योत बाजूला झाली. सव्वीस सेकंद. कॉलेजात शिकवलं होतं की कुठलंही मोजमाप तीनदा घ्यावं. मी तीनदा घेतलं. सव्वीस, पंचवीस, सव्वीस. मला फार समाधान वाटलं. तिन्ही कांड्याही चांगल्या निघाल्या. डाय सकाळपासून चालून चांगली कोमट झालेली होती, हे माझ्या मनातही आलं नाही.

त्याच दिवशी मी तीन पुठ्ठे कापले आणि प्रत्येकावर बोरूने ठळक अक्षरांत तक्ता लिहिला. वर इंग्रजीत हीटिंग टाइम, त्याखाली सव्वीस सेकंद, खाली माझी सही. तिन्ही मशीनांवर सुतळीने ते टांगले. तिसऱ्या मशीनवर एक नवा माणूस घेतला आणि समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ लावलं. तिन्ही मशीनांच्या मालाची जबाबदारी आप्पांची.

दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "कमी वाटतंय रे."

"घड्याळ चुकत नाही, आप्पा."

ते पहिले दोन दिवस आपल्याच पद्धतीने तापवत राहिले. ओठ हलत होते. शेठनी मला विचारलं की आप्पांच्या मशीनवर कांड्या कमी का निघतात. मी शेडमध्ये गेलो आणि त्या कारागिराच्या आणि नव्या माणसाच्या देखत म्हणालो, "तक्ता कशाला केलाय मग?" मी असा आवाज त्यांच्यासमोर पूर्वी कधी काढला नव्हता. कारागीर हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिला. आप्पा म्हणाले, "बरं." त्यानंतर ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तापवू लागले.

थंडी पडायला लागली. भिवंडीची थंडी ती काय, पण सकाळी पत्रे आणि पोलाद हाताला गार लागायचे. एका संध्याकाळी आप्पांनी बऱ्याच दिवसांनी खिशातून कांडी काढून आईच्या हातात दिली. तिने अंगठा फिरवला.

"लागतो," ती म्हणाली.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाचत होतो. म्हणालो, "दाणा नवीन आलाय. त्याचा परिणाम असेल."

"दाना कसा लागंल अंगठ्याला?" आई म्हणाली. "सांदाच हाय ह्यो."

"आई, तुला त्यातलं काय कळतं?"

तिने कांडी माझ्या पुस्तकावर ठेवली आणि चुलीकडे गेली. मी ती कांडी बाजूला सारून पान उलटलं. पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीतून मित्राच्या नावावर आणलेलं, प्लास्टिकवरचंच होतं. साच्याचा पृष्ठभाग गार असेल तर जोडरेषा कच्ची राहते, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. मी त्याखाली पेन्सिलने रेघही मारली होती.

गोणी परत आल्या त्या दिवशी शुक्रवार होता. व्यापारी स्वतः आला होता. त्याने एक गोणी ऑफिसात उपडी केली. कांड्या उभ्या फाटलेल्या, अगदी सरळ रेघेत, शेंगा उकलाव्यात तशा. इचलकरंजीच्या गिऱ्हाइकाने त्याला काय काय ऐकवलं ते त्याने शेठना ऐकवलं. शेठचा चेहरा उतरला. त्यांनी मला विचारलं, "तक्ता बरोबर आहे ना?"

मला तेव्हा खरं कारण माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण आप्पा कमी वाटतंय म्हणाले होते, आणि आईला सांधा लागला होता. दोन्ही गोष्टी मला त्या क्षणी आठवल्या. मी म्हणालो, "तक्ता बरोबर आहे. मी तीनदा मोजलं होतं, तुमच्यासमोर. तक्त्याप्रमाणे तापवलं गेलं नसेल."

मी कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

शेठनी आप्पांना आत बोलावलं. मी टेबलाच्या या बाजूला बसलेलो, ते त्या बाजूला उभे. मधे फाटक्या कांड्यांचा ढीग. त्यांनी एक उचलली, सांध्यावरून नखाने रेघ ओढली आणि परत ठेवली.

"काय झालं हे?" शेठनी विचारलं.

"कमी तापलं, शेठ."

"कमी तापलं म्हणजे? तक्ता लावलाय ना डोळ्यासमोर?"

आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे बघत होते.

"हे काका तेव्हाही काहीतरी पुटपुटत होते," व्यापारी म्हणाला. "अशांच्या भरवशावर माल देता?"

शेठ आप्पांना म्हणाले, "तुम्ही घरी जा." आजच्या दिवस का कायमचं, ते बोलले नाहीत, आणि आप्पांनी विचारलं नाही. दोन वाजले होते. तो कारागीर नमाजला गेला होता, अजून परतला नव्हता. नवा माणूस खाली मान घालून दांडा ओढत होता. फळीच्या फटीतून मला आप्पा हात धुताना दिसले, मग मशीनपाशी जाऊन डबा उचलताना. पुढचं मी वर लिहिलं आहे.

कारागीर परत आला आणि त्याला कळलं. तो ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. शेठ व्यापाऱ्याला सोडायला नाक्यापर्यंत गेले होते.

"बाबू," तो म्हणाला, "तक्ते के हिसाब से ही तो चल रहा था सब. चाचा का भी, मेरा भी."

मी म्हणालो, "तक्ता घड्याळ लावून केलाय."

"घड़ी का क्या कसूर? उस दिन आपने चाचा का मुँह बंद करवाया था. मैं बाजू में ही तो था." त्याने बोट ओठांवर ठेवलं. "आदमी मन में पढ़ता है तो भागता है. ज़बान से पढ़ता है तो चलता है. इतना तो बच्चा भी जानता है. आप बी.एस्सी. हो."

तो आपल्या मशीनवर निघून गेला. मी दार लावून घेतलं, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्रिशरण म्हटलं. लहानपणापासून ऐकलेलं, आप्पांच्याच चालीत. आधी मनात. सव्वीस भरले. मग ओठ हलवून. ओठ हलवून म्हटलं तेव्हा चाळीस सेकंद लागले.

शेठ परत यायच्या आत मी नवे पुठ्ठे कापले होते. चाळीस लिहिले. अक्षर तसंच, सही तशीच. जुने काढून नवे टांगायला शेडमध्ये गेलो तेव्हा दोन मशीनांवरचे पुठ्ठे होते, आप्पांच्या मशीनवरचा नव्हता. नुसती सुतळी लोंबत होती. कोणीतरी फाडून टाकला असेल असं मला वाटलं आणि बरंच वाटलं. बाकीचे दोन मी शेगडीत घातले. शेठना सांगितलं की थंडीसाठी वेळ थोडी वाढवली आहे. पुढच्या आठवड्यात कांड्या चांगल्या निघू लागल्या. व्यापाऱ्याने ऑर्डर परत दिली. शेठ मला म्हणाले, "बघ, शिकलेला माणूस असला की फरक पडतो." त्यांनी माझा पगार वाढवला. मी तो घेतला.

शेठना सांगायला दिवस कमी नव्हते. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगितलं तर दोघांचीही नोकरी जाईल. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की पुढे ते कारण खरंच असल्यासारखं वाटू लागलं. काही महिन्यांनी मला सरकारी प्रयोगशाळेत जागा मिळाली आणि मी कारखाना सोडला. तेव्हा तर सांगायला काहीच हरकत नव्हती. तरी सांगितलं नाही.

आप्पांना पुन्हा मशीनचं काम मिळालं नाही. भिवंडी तेव्हा एवढी मोठी नव्हती. याच्या हातून माल फाटला, हे चार शेडमध्ये गेलं होतं. ते आईबरोबर कांड्या भरायला जाऊ लागले. ते बायकांचं काम समजलं जायचं. आई सोबतच्या बायकांना सांगायची, "आमच्या मालकास्नी माज्याबिगर करमत न्हाय, म्हनून येतात." बायका हसायच्या, आप्पाही हसायचे. ज्या कांड्या ते भरत होते त्यात आमच्या कारखान्याच्या असायच्या. एकदा त्यांनी भरता भरता एक उचलली, अंगठा फिरवला. मी डबा द्यायला गेलो होतो.

"हे बराबर तापलंय," ते म्हणाले. "किती सेकंद केलंस?"

"चाळीस."

"हां," ते म्हणाले आणि कांडी चातीवर ठोकली.

त्यांना कळलेलं होतं. तेव्हाच कळलेलं होतं की आधीपासून, ते मी विचारलं नाही.

पुढे पुष्कळ वर्षं गेली. आई गेली. मी निवृत्त झालो. एका तांत्रिक मासिकात मी एक लेख वाचला. परदेशातल्या मोठ्या कारखान्यांत आता साच्याचा फक्त पृष्ठभाग काही सेकंदांत तापवतात, कुठे वाफेने, कुठे विजेच्या वेटोळ्याने, आणि लगेच गार पाण्याने निववतात. त्यामुळे जोडरेषा राहत नाही. नवी पद्धत म्हणून सगळं मांडलेलं होतं. मी तो लेख आप्पांना मराठीत करून वाचून दाखवला. ते खाटेवर टेकून ऐकत होते. ऐंशीच्या पुढचे होते, पण कान शाबूत होते. वाफेवर त्यांनी नाक मुरडलं. "पानी राहतं कोपऱ्यात. फोड येतील." मग विचारलं, "आन् टाइम कसा मोजतात?"

"कॉम्प्युटर मोजतो, आप्पा."

ते हसले. "बरं हाय. त्याचं ओठ कोन बघत न्हाय."

मी मासिक मिटलं. ते हसत होते, माझ्याकडेच बघत होते, आणि त्या घरात आम्ही दोघंच होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की तक्ता माझा चुकला होता. मी म्हणालो, "चहा करू का?" ते म्हणाले, "कर."

त्यांच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अंबाडीकडचे नातेवाईक आले होते. सगळे मोठ्याने त्रिशरण म्हणत होते. मी पहिल्या ओळीत बसलो होतो. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की मी मनातल्या मनात म्हणतो आहे आणि बाकीच्यांच्या पुढे गेलो आहे. मी थांबलो. पुन्हा सुरुवात केली नाही.

पेटी नंतर उघडली. वर आईची साडी होती, खाली माझी बी.एस्सी.ची गुणपत्रिका, आणि तिच्या आत घडी घातलेला पुठ्ठा. त्या दिवशी हात धुऊन ते मशीनपाशी गेले तेव्हा त्यांनी डब्याबरोबर तोही उचलला होता. शेठनी बाहेर येऊन तक्ता बघितला असता, कोणाला तरी तेवढाच वेळ तापवायला लावला असता आणि कांडी फोडून पाहिली असती, तर चूक कोणाची ते दहा मिनिटांत कळलं असतं. ते कळू नये म्हणून त्यांनी तो नेला. मी दुसरे दोन जाळले ते त्याच कारणासाठी. फरक एवढाच की त्यांनी नेला तो माझ्यासाठी, आणि मी जाळले तेही माझ्यासाठीच.

शेठ नाहीत. तो कारागीर पुढे गावी गेला, त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. शेडच्या जागी गोदाम आहे. पुठ्ठा माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर सव्वीस सेकंद लिहिलेलं आहे आणि खाली माझी सही आहे.